नॉर्मलकाकांची काच

कालव्याकडेचा रस्ता अर्धा संपला होता आणि काका तिसऱ्यांदा कठड्यावर टेकले. एरवी प्रयोगशाळेपासून स्टेशनपर्यंत ते असे झपाझप चालायचे, की तिथेच त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तिला मागून जवळजवळ पळावं लागे. आज तीच पुढे जाऊन मागे वळून बघत होती.

"बसने गेलो असतो," ती म्हणाली.

"बसमध्ये बोलता येत नाही, मास्तरीणबाई. सगळे कान टवकारून बसतात."

कामावर त्यांना सगळे नॉर्मलकाका म्हणत, ते त्यांच्या रक्तामुळे. पेशंटच्या पेशी आपली मोडतोड कितपत दुरुस्त करतात हे बघायचं, तर तुलनेला शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लागतं. गेली एकोणीस वर्षं ते काकांचं. "बायको सोडली तर सगळं जग मला नॉर्मल समजतं," असं म्हणत ते बाही वर करायचे. कधी रक्त द्यायची वेळ तिच्यावर आलीच तर ती सुई बघूनच पांढरीफटक पडे. मग काकाच म्हणत, "राहू दे, माझं भरपूर आहे."

पेशींना आधी औषधाचा डंख द्यायचा, म्हणजे आतले डीएनएचे धागे तुटतात. तासभर थांबायचं. मग त्या काचेवरच्या पातळ जेलीत बसवून, वरचं आवरण विरघळवून वीज सोडायची. तुटलेले धागे ओढले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला शेपूट दिसतं. दुरुस्ती झाली असेल तर नुसता गोल ठिपका. एका काचेवर शंभर पेशी मोजायच्या. मोजणाऱ्याचं मन कुणाकडे झुकू नये म्हणून काचेवरच्या नावावर पट्टी चिकटवलेली असते. ही शिस्त तिला काकांनीच लावली होती.

आज सकाळी चौथ्या काचेवर शेपटंच शेपटं. तासानंतरही तशीच लांब. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि ती बोलून गेली, "अरेरे, कोण बिचारा आहे हा?"

काकांनी पुढे होऊन पट्टी सोलली.

"मी."

तिने जेलीला दोष दिला, विजेच्या पेटीला दिला, स्वतःच्या डोळ्यांनाही दिला.  आता कालव्याच्या कठड्यावर बसून काका म्हणाले, "रक्ताचाच आजार आहे. डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सांगितलं."

"आणि तरी महिनाभर देत राहिलात?" तिचा आवाज चढला.

"चुकलो. वाटलं, कळलंय ते मला. पेशींना कुठं कळलंय अजून?" ते हसायला गेले आणि धाप लागून थांबले. "या महिन्यात माझ्या रक्ताशेजारी मोजलेल्या सहा पेशंटची तपासणी परत करायची. साहेबांना सांगून आलोय. पोटभर शिव्या खाल्ल्या."

तिला अजून खूप रागवायचं होतं. किती आजारी माणसं या माणसाच्या शेजारी ठेवून मोजली होती! तिने त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली. काकांनी नेहमीसारखी ती ओढून घेतली नाही. तेच तिला जास्त लागलं.

थोडं पुढे गेल्यावर ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते सहा जण उद्या परत येतील. त्यांच्या शेजारी ठेवायला कुणीतरी धड माणूस हवं. उद्या तू बाही वर करशील? सुईकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. टोचायला मीच येतो."