मरळ रांधायची सोपी रीत

सांगलीच्या घाटावर एक मासेवाली नदीतली मरळ विकायला बसे. महायुद्धामुळे गोडं तेल मिळत नव्हतं, त्यात बायको बाळंतपणाला कोरेगावला गेलेली. दोन्ही मुलींच्या रात्रीच्या जेवणाचं मलाच बघावं लागे. म्हणून मासे घेताना तिलाच बिनतेलाची रीत विचारली.

"लय सोपं हाय, दादा. तुकड्यास्नी हळद-मीठ चोळा, चिंचंचा कोळ वता, झाकण ठेवा. दोन भाकरी थापंस्तवर कालवण तयार."

मी मोजलं. तिच्या सोप्या रीतीत अकरा कामं निघाली, आणि भाकरी तर मला येतच नव्हती. मुलींनी एकेक घास खाऊन ताटं सरकवली.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "चिंच निम्मी करा," म्हणाली. पुढच्या खेपेला मीठ, मग लसूण. आठव्या खेपेला मुलींनी रस्सा मागून घेतला.

मी खुशीत विचारलं, "तुमच्या घरी लसूण किती घालता?"

तिने पदराखालची तुळशीची माळ दाखवली. "आमी खात न्हाई, दादा. ल्हानपणापास्नं माळ हाय."

"मग चव कशी कळते?"

"तुमच्या तोंडावरनं."

त्यानंतर मी घाटावर तोंड अगदी कोरं ठेवून जाऊ लागलो. ती बघायची आणि म्हणायची, "काल मिरची जास्त झाली न्हवं?"

झालेली असायची.