पुढच्या वर्षीचा पहिला नंबर

माझ्याच पोर्टा-केबिनमध्ये बसून, मी आणलेले समोसे खाऊन, एका डॉक्टरने माझा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या टीममध्ये घेतला. नियमाप्रमाणे घेतला. तो नियमही मीच टेबलावर हात आपटून करून घेतलेला. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण मला फसवलं कुणी, हे अजून नक्की सांगता येत नाही.

सौदा मला कळतो, असं मी आजवर छातीठोकपणे म्हणत आलो. सौदीत जुबैलला आलो तेव्हा मी स्कॅफोल्डिंगचा हेल्पर होतो. खांद्यावर पाइप घेऊन शिड्या चढायचो. आज माझी स्वतःची माणसं आहेत आणि प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाउनला मी त्यांना पुरवतो. भाव पाडणाऱ्या माणसासमोरून उठून दारापर्यंत किती सावकाश चालायचं, म्हणजे तो मागून हाक मारतो, हे माझ्या पायांना पाठ आहे. आवाज चढतो माझा, मान्य आहे. पण चढलेल्या आवाजातही मी आकडा चुकत नाही.

हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी आमची टेनिस बॉलची लीग असते. सहा टीम, त्यातली एक माझी. कामगारांच्या कॅम्पच्या मागे दाबून घेतलेल्या मातीचं मैदान आहे, मधोमध काथ्याची मॅट. पूर्वी चांगला खेळाडू दिसला की मोठी टीम त्याला बिर्याणी खाऊ घालून उचलायची आणि मग वर्षभर सगळ्यांची तोंडं वाकडी. एका प्लांटच्या सेफ्टीचा मुख्य ऑस्ट्रेलियन आहे. हौसेने आमच्यात अंपायरिंग करायचा. एक दिवस तो वैतागून म्हणाला, "आमच्या देशात फुटबॉलला ड्राफ्ट असतो, तसा करा."

त्यांचा फुटबॉल वेगळाच, चेंडू लांबट आणि मैदान आपल्या क्रिकेटचं. तिथे नव्या पोराने टीम निवडायची नाही, टीमने पोर निवडायचं. आदल्या वर्षी जी टीम शेवटची आली तिचा निवडीचा नंबर पहिला, जिंकली तिचा शेवटचा. असं फेरीमागून फेरी. आणि हे नंबर टीम एकमेकांना देऊ-घेऊ शकतात. या वर्षीचे, आणि पुढच्या वर्षीचेसुद्धा.

"पुढच्या वर्षीचा? जो अजून आलाच नाही तो?" मी विचारलं.

"हो."

"आणि घेणारे घेतात?"

"भांडून घेतात," तो म्हणाला.

मला ती पद्धत तेव्हाच आवडली. माझ्या धंद्यासारखी होती.

पहिल्याच वर्षी भांडण झालं. ऑस्ट्रेलियनने एक नियम असा सांगितला होता की बापाच्या टीममध्ये मुलगा थेट जातो. तिकडे बापाने त्या क्लबकडून शंभर मॅच खेळलेल्या असाव्या लागतात, इथे नुसता टीममध्ये असला तरी पुरे, असं ठरलं. तर गोदामवाल्यांच्या कप्तानाने आपला मुलगा सगळ्यात शेवटच्या नंबरावर घेतला. पोरगा आदल्या वर्षीपर्यंत शाळेच्या टीमचा कप्तान! पहिल्या नंबराचा माल शेवटच्या नंबरात. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "हा ड्राफ्ट आहे की लग्नाचा आहेर?" टेबलावरचा चहा सांडला.

ऑस्ट्रेलियन हसला. म्हणाला, "आमच्याकडेही हेच भांडण. म्हणून आता दुसरी टीम त्या पोरावर बोली लावू शकते. बापाच्या टीमला तो हवा असेल तर तिने तेवढ्या मोलाचे आपले नंबर सोडायचे. तिकडे पॉइंट्सचा मोठा तक्ता असतो. तुमच्यासाठी सोपं करू. ज्या फेरीत बोली लागेल, त्याच फेरीतला नंबर बापाने सोडायचा."

"लिहा," मी म्हणालो. "आत्ता लिहा. सगळ्यांच्या सह्या घ्या." पहिली सही माझी आहे.

दुसऱ्या वर्षी मला एक बोलर हवा होता. केरळचा क्रेन ऑपरेटर, डावखुरा. त्याचा चेंडू मॅटवर पडून असा उठायचा की चांगले चांगले मागे सरकायचे. तो होता डॉक्टरच्या टीममध्ये. हे डॉक्टर कोल्हापूरकडचे, इथल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आहेत. मऊ बोलतात, मधे मधे चष्मा पुसतात. मी त्यांना माझा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबर देऊ केला.

"शेठ, नक्की ना?" त्यांनी विचारलं. "पुढच्या वर्षी पंचाईत होईल तुमची."

"डॉक्टर, इकामा वर्षाचा असतो," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी तुम्ही इथे, मी इथे, हे कुणी लिहून दिलंय?"

मी मनापासून बोललो होतो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. इथे आम्ही सगळे असेच जगतो. सोफा घेताना विचार, कार्पेट घेताना विचार. प्रोजेक्ट संपला की खलास, अर्धी टीम एक्झिट व्हिसावर घरी. त्यातून माझा मुलगा त्या उन्हाळ्यात बारावी होऊन इंडियाला जाणार होता, कॉलेजला. म्हणजे पुढच्या वर्षीच्या नंबराचा मला उपयोग काय? मी हवा विकली आणि बदल्यात जिवंत बोलर घेतला, या आनंदात घरी येताना मी चार जणांना फोन केले.

त्या वर्षी कप आम्ही जिंकला. डॉक्टरची टीम शेवटची आली. मी त्यांना मिठाई पाठवली.

मग जूनमध्ये मुलाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि हवं ते कॉलेज मिळेना. तो म्हणाला, "आय विल टेक अ ड्रॉप." बायको म्हणाली, "इथेच राहू दे वर्षभर, डोळ्यासमोर अभ्यास करील." मी चिडचिड केली, फी घेऊन बसलेल्या क्लासवाल्यांना शिव्या दिल्या, आणि संध्याकाळी गाडीत एकटा बसलो असताना लक्षात आलं की पोराला अठरा पूर्ण झालीत. लीगमध्ये खेळू शकतो.

मी विकेटकीपर आहे. गुडघे वाजतात. अजून एखादं वर्ष रेटीन. मुलाची शाळेची एकही मॅच मी पाहिलेली नाही, दर वेळी कुठला ना कुठला शटडाउन असायचा. त्याच्या शाळेच्या ट्रॉफ्या बायकोने आणलेल्या, फोटोही तिनेच काढलेले. तर हे एक वर्ष मिळालं होतं. दोघं एका रंगाच्या जर्सीत, एका टीममध्ये. मला एवढंच हवं होतं, आणि ते मी घरात कुणाला बोललो नव्हतो.

ड्राफ्टच्या दिवशी भिंतीवर पांढरा बोर्ड. पहिला नंबर डॉक्टरचा, कारण ते शेवटचे आलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या मुलाचं नाव घेतलं.

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतात.

ऑस्ट्रेलियनने माझ्याकडे पाहिलं. "तू सोडणार का नंबर?"

"सोडणार म्हणजे काय! घे पहिल्या फेरीतला!"

"कुठला?"

मी बोर्डाकडे पाहिलं. पहिल्या फेरीत सहाव्या जागी माझ्या टीमचं नाव असायला हवं होतं. तिथेही डॉक्टरचं हॉस्पिटलच लिहिलं होतं, क्रेनवाल्याच्या बदल्यात मीच दिलेलं. तो नंबर शिल्लक असता तर सगळ्यात शेवटचा असूनही चालला असता. एवढाच हवा होता.

"ही चोरी आहे," मी म्हणालो.

"कुठली ओळ चुकली, शेठ?" डॉक्टरने विचारलं. कुत्सितपणे नाही, खरंच विचारलं. "मी तर तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं."

गोदामवाला समोसा हातात घेऊन म्हणाला, "सेठ, आहेर देना पडेगा." सगळे हसले. मी माझ्याच केबिनमधून बाहेर निघून गेलो. दारापर्यंत नेहमीच्या चालीने गेलो, पण मागून हाक आली नाही.

दोन दिवसांनी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टर फोन उचलत नव्हते म्हणून ओपीडीचा कागद काढला, नंबर लावला, आणि खोकणाऱ्या लोकांत पाऊण तास बसलो. आत गेल्यावर त्यांनी आधी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"वाढलंय, शेठ."

"कुणामुळे वाढलंय?"

"बोला, काय देता?"

"तुम्हीच सांगा."

"माझा क्रेनवाला परत द्या, मुलगा न्या."

आयुष्यात मी समोरच्याच्या पहिल्या भावाला कधी हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हटलं. तेच चकित झाले, पट्टा सोडायचा विसरले. मग म्हणाले, "पण दोन्ही खेळाडूंची संमती लागेल. टीममध्ये आलेला माणूस त्याला न विचारता देता येत नाही. तोही नियम आहे."

तो नियमही ऑस्ट्रेलियनचाच. तिकडे खेळाडू नाही म्हणाला की सौदा मोडतो. त्यावर सही करताना मी वाचलंसुद्धा नव्हतं. माणूस नाही कशाला म्हणेल?

क्रेनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सेठ जिधर बोलेगा उधर डालेगा बॉल."

मुलाला जेवताना विचारलं. त्याने घास गिळला आणि म्हणाला, "नो, पप्पा."

"नो म्हणजे?"

"डॉक्टर अंकल ओपनिंग देणार आहेत. तुम्ही मला सातव्या नंबरला पाठवाल."

"असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणाला होतात. नया लडका नीचे खेलता है."

"म्हणाला होतात," बायको आमटी वाढत म्हणाली. "याच टेबलावर."

"अरे, पण आपण एका टीममध्ये खेळलो असतो!"

"तुम्हाला तसं हवं होतं? यू नेव्हर सेड. डॉक्टर अंकलनी ड्राफ्टच्या आधी मला फोन करून विचारलं होतं."

मला राग आला, पण कुणावर काढायचा ते ठरेना. शेवटी भात गिचका झालाय म्हणून बोललो, आणि बायको उठून आत गेली.

त्याच महिन्यात एका दुपारच्या सुमाराला मी ऑस्ट्रेलियनच्या केबिनमध्ये गेलो, तर तो लॅपटॉपवर त्यांच्या देशातला खरा ड्राफ्ट बघत होता. तिकडे रात्र होती, सुटाबुटातली माणसं टेबलांभोवती. नाव पुकारलं की एखादं पोर उठायचं, आई रडायची. एकदा तो ताडकन उभा राहिला आणि शिवी हासडली. वरच्या टीमने आपल्या जुन्या खेळाडूचा मुलगा फुटकळ नंबर जोडून जोडून घेतला होता. ह्याची टीम तळाशी, आणि तिने पुढच्या वर्षीचा पहिला नंबर आधीच देऊन टाकलेला.

"हे न्यायाचं आहे का?" मी विचारलं.

"अजिबात नाही."

"तो पोरगा तुमच्या टीमला असा मिळाला असता तर?"

त्याने थोडा विचार केला. "मग ती परंपरा," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की मी कुणाकडून तरी फसलोय, फक्त कोण ते सापडत नाहीये. तो म्हणाला, "बॉस, कागद सगळे आहेत, बघ हवं तर." बघितले. प्रत्येक पानावर माझी सही, मोठी, खाली रेघ मारलेली.

डिसेंबरात हॉस्पिटलशी मॅच लागली. मुलगा ओपनिंगला आला आणि मी त्याच्या मागे स्टंपांशी ओणवा. सकाळी आम्ही एकाच गाडीतून आलो होतो. आता तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. बॅट आपटायची त्याची पद्धत मी पहिल्यांदा पाहत होतो, दोनदा हळू आणि एकदा जोरात. मानेवर घामाने चिकटलेली माती दिसत होती.

क्रेनवाल्याचा तिसरा चेंडू उठला. काहीतरी पुसट वाजलं आणि चेंडू माझ्या ग्लोव्हजमध्ये आला. मी असा ओरडलो की शेजारच्या मैदानावरचे थांबले. ऑस्ट्रेलियनने मान हलवली, नाबाद. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. मुलगा मागे न बघता म्हणाला, "जर्सीला लागला, पप्पा."

"बॅटला लागला."

"जर्सी."

पुढचा चेंडू त्याने उचलून असा मारला की सरळ कुंपणाबाहेर, कंपनीच्या बस उभ्या होत्या तिथे पडला. आणि मला धप्प धप्प आवाज ऐकू आला. बघतो तर मीच ग्लोव्हज घालून टाळ्या वाजवत होतो. क्रेनवाला कमरेवर हात ठेवून मधेच उभा. "सेठ," तो म्हणाला, "किसका टीम है अपना?"

मी म्हटलं, "यल्ला, बॉल डाल."

मॅच आम्ही हरलो. मुलगा शेवटपर्यंत खेळला, म्हणजे सगळी इनिंग मी त्याच्या मागे होतो. माझ्या टीममध्ये सातव्या नंबरावर आला असता तर मी त्याला सावलीत बसलेलाच पाहिला असता. हे माझ्या बऱ्याच नंतर लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. का ते मला सांगता येत नाही.

सीझन संपल्यावर, जुलैत, नियमांची बैठक झाली. डॉक्टरांनीच प्रस्ताव आणला. म्हणाले, "शेठना वाईट वाटलं. बाप-मुलाचा नियम पूर्वीसारखा करू. मुलगा थेट बापाकडे, बोली नको." मतं पडली, तीन हो, दोन नाही. माझा हात राहिला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. प्रस्ताव माझ्यासाठीच होता.

माझा मुलगा ऑगस्टमध्ये जाणार. या वेळी कॉलेज मिळालंय, तिकीट काढलंय. आणि गोदामवाल्याचा धाकटा पुढच्या वर्षी अठराचा होतोय. पहिल्यापेक्षा बरा खेळतो म्हणतात.

"नाही," मी म्हणालो. "फुकट कुणालाच नाही." तीन-तीन झाले, प्रस्ताव पडला.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहो शेठ, मग वर्षभर तुमची तक्रार काय होती?"

"तक्रार आहेच," मी म्हणालो, आणि माझा आवाज पुन्हा चढला.