पिवळ्या दिव्याची पहिली नोटीस

आमच्या थोरल्या साडूंना न्यायला उद्या साक्षात यम रेड्यावर बसून दारात आला, तरी ते चष्मा कपाळावर सरकवून त्याला आधी जावक क्रमांक विचारतील आणि 'पहिलंच पत्र आहे ना? ठेवून जा' म्हणून वाटेला लावतील, याबद्दल अख्ख्या देवळाली प्रवरेत दुमत नाही. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत उभा जन्म कारकुनी केलेला हा माणूस. तिथे त्यांना एकच विद्या मिळाली आणि तीच त्यांनी पुढे धर्म म्हणून पाळली : पहिल्या नोटिशीला हलायचं नाही. पहिली नोटीस माहितीसाठी, दुसरी आठवणीसाठी, आणि तिसरी आली तरच समजायचं की समोरच्याला खरोखर काही म्हणायचंय. "पहिल्या नोटिशीला हलला तो कारकूनच नव्हे," असं ते मला दर दिवाळीला फराळाच्या ताटावर सांगतात.

आता ही विद्या कचेरीतच राहिली असती तर आम्ही सुखी असतो. पण साडू निवृत्त झाले आणि विद्या घरी आली. दारावरची बेल तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय ते उठत नाहीत. गॅसवाला दोनदा वाजवून निघून जातो, मग ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दोन दिवस शेजारच्या चुलीवर भाकरी थापते. स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं तेव्हा त्यांनी खाली पातेलं ठेवलं आणि "दखल घेतलेली आहे" असं जाहीर केलं. त्या पातेल्यात पुढे बेडकांच्या दोन पिढ्या नांदल्या. एकदा उसाच्या फडातून भला थोरला नाग थेट ओट्यावर आला. आम्ही सगळे पलंगावर, साडू खुर्चीत पेपर वाचतायत. नागानं फणा काढला, फूत्कार टाकला. यांनी पान उलटलं. दुसऱ्यांदा फूत्कारला. यांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा फूत्कारायचं त्या बिचाऱ्याला त्राणच उरलं नाही. तो मान खाली घालून आल्या वाटेनं फडात गेला आणि नंतर त्यानं विषारीपणाच सोडला, असं लोक सांगतात. अशा माणसाच्या हाती गाडी द्यावी का? पण आमच्या नशिबानं ती दिली.

गाडी जुनी, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. साडू ती बैलाच्या मायेनं धुतात आणि बैलाच्याच वेगानं चालवतात. तिच्या काट्यांच्या मधोमध एके दिवशी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मी शेजारीच होतो.

"भाऊसाहेब, दिवा लागलाय."

"पाहिला."

"मग?"

"पिवळा आहे. लाल असता तर गोष्ट वेगळी. शिवाय पहिलाच आहे."

मी घरी येऊन गाडीसोबतचं पुस्तक काढायला लावलं. त्यांनी ते आधीच वाचून खाली पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्या होत्या. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की दिवा लागून राहिला तर गाडी लवकरात लवकर तपासून घ्यावी. साडूंनी बोट ठेवलं. "लवकरात लवकर! ही काय मुदत झाली? तारीख कुठाय? सही कुणाची?" मी हात टेकले. नुसतं बसून राहिले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी कारवाई केली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल असलं तरी हा दिवा लागतो हे त्यांना कुठूनसं कळलं, म्हणून ते झाकण इतकं आवळलं की पंपावर ते उघडायला ट्रकचा क्लीनर बोलवावा लागला. दिवा तसाच. मग त्यांनी बॅटरीची वायर काढून अर्ध्या तासानं परत लावली. दिवा विझला. "प्रकरण निकाली," म्हणाले आणि ताईला चहा टाकायला लावला. तो दिवा राहुरीच्या अलीकडेच परत लागला. साडू म्हणाले, "हेच प्रकरण पुन्हा उघडलंय. याला नवीन नोटीस म्हणत नाहीत."

एरवी मीही सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत त्यांची एकुलती एक पोर, माझी भाची, पुण्याची नोकरी सोडून तीन आठवड्यांसाठी घरी आली होती. नर्स झालेली पोर, जर्मनीतल्या दवाखान्यात निघाली होती, आणि आता दोन वर्षं तरी परत येणार नव्हती. साडूंनी आल्या दिवशीच सगळ्यांदेखत सांगितलं, "हिला विमानतळावर मीच सोडणार. माझ्या गाडीनं." यामागे एक जुनी सल होती. पोर पहिल्यांदा नर्सिंगच्या हॉस्टेलला गेली तेव्हा कचेरीत तपासणी लागली म्हणून हे स्टँडवरसुद्धा गेले नव्हते; ती ट्रंक घेऊन एकटी एसटीत चढली होती. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. म्हणूनच यांना ते जास्त लागलं असावं.

तर ते तीन आठवडे साडू आणि ती गाडी दोघं वेड्यासारखे फिरले. शेवगावला आत्याकडे, राहुरीला शिंप्याकडे, नगरला कागदपत्रांच्या झेरॉक्ससाठी. एकदा तर फक्त ताजी भेळ खायला बारा मैल. आणि समोर तो पिवळा दिवा अखंड, देवघरातल्या समईसारखा.

निघायचा दिवस उजाडला. सकाळी सहालाच आम्ही निघालो. पुढे साडू आणि पोर, मागे ताई, मी आणि लाडवांचा डबा. नगर ओलांडलं. सुप्याच्या अलीकडे गाडीला उचकी लागली. एक, दोन, मग धरलीच. पोर पुढे वाकली.

"बाबा, दिवा लुकलुकतोय."

"लुकलुकू दे. तोच आहे तो."

"तोच नाही. लागून राहणं वेगळं, लुकलुकणं वेगळं. लुकलुकला की गाडी जागच्या जागी थांबवायची. तुमच्याच पुस्तकात पुढच्या पानावर आहे!"

"पुढचं पान आपल्याला लागू नाही."

"बाबा, माझं विमान चुकेल!"

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखतो. त्यांना मी पहिल्यांदा एका हाकेत वळताना पाहिलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. बंद केली. जळकट वास आला आणि ती जी गप्प झाली ती झालीच. औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर आम्ही चौघं, दोन बॅगा, आणि पुण्याकडे सुसाट जाणाऱ्या गाड्या. साडू रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. तीन गाड्यांनी शिव्या दिल्या. चौथा पारनेरकडचा पिकअपवाला, मटाराच्या गोण्या घेऊन पुण्याच्या मार्केटला निघालेला, करकचून थांबला.

"ओ बाबा, मरायचं हाय का?"

"पोरीला विमान गाठायचंय!"

त्यानं एकदा पोरीकडं, एकदा बॅगांकडं पाहिलं. "फुडं दोन बायका बसत्यान. बॅगा टाका मागं मटारावर. ईमानतळावरच सोडतो, पर तुमी न्हाई मावनार."

ताई चढली. पोर चढली, पुन्हा उतरली आणि साडूंच्या गळ्यात पडली. साडू म्हणाले, "चल चल, त्याचा खोळंबा होतोय," आणि तिच्या ओढणीला लागलेलं काहीतरी बराच वेळ झटकत राहिले. तिथे काहीच लागलेलं नव्हतं. मग पिकअप निघाला. मागे गोण्यांवर तिच्या लाल बॅगा हलताना दिसत होत्या, तोवर ते रस्त्यातच उभे होते.

मी मनात तीन आठवड्यांचा संताप साठवून ठेवला होता. तो आता काढावा म्हणून मी तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "मी दाखवली होती रे गाडी. दिवा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्या फिटरनं मशीन लावलं, म्हणाला इंजिनाला ठिणगी देणारी कॉईल जाते आहे, पार्ट मागवावा लागेल. आठ दिवस गाडी सोडा."

"मग सोडली का नाही?"

"एकवीस दिवसांतले आठ?" ते म्हणाले.

दुपारी ताईचा फोन आला, पोर आत गेली. साडूंनी नुसतं "बरं" म्हटलं. तेवढ्यात सुप्याचा फिटर आला, त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून बराच वेळ पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "काका, लई काम हाय. आठ-दहा दिस गाडी सोडावी लागन. चालंल का?"

साडूंनी किल्ली त्याच्या हातात दिली.

"महिनाभर ठेव," ते म्हणाले. "आता कुठं जायचंय?"