पोळलेले पाय

थंडीत गोठलेली खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली, की त्या वासासरशी मला दारव्ह्याचं माहेरचं अंगण आठवतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नैरोबीत आमचं शिवणकामाचं दुकान होतं. यांच्याबरोबर मीही दिवसभर मशीनवर बसे, आणि दुकानाच्या पडद्यामागे आमच्या लहानग्या सुमीला वंजिरू नावाची तिथली बाई सांभाळत असे.

त्या उन्हाळ्यात मी सुमीला घेऊन माहेरी आले होते. भर दुपारी ती अनवाणीच तापलेल्या फरशीवर धावली आणि किंचाळली. मी उचलायला गेले, तर माझा हात झिडकारून "वंजिरू, वंजिरू" म्हणत रडू लागली.

"कोणाले बोलावून राह्यली हे?" आईनं विचारलं.

"तिकडं तिले सांभाळते, ते बाई." सांगताना माझा जळफळाट झाला.

आईनं तिला मांडीवर घेतलं. तळव्यांना खोबरेल चोळत ती पुटपुटली, "पोळले माय, पोळले." सुमी एकदम शांत झाली. तिकडे लागलं-खुपलं की वंजिरू तिला स्वाहिलीत "पोले, पोले", म्हणजे "अरेरे, अरेरे" म्हणून कुरवाळायची. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पाह्य, आजीपाशी कशी गप झाली," आई कौतुकानं म्हणाली.

आज वाटतं, परमुलखात माझ्या लेकीला मायेचं माणूस मिळालं होतं. तेव्हा मात्र मला वंजिरूचा आणि आईचा, दोघींचाही हेवा वाटला. आई पाणी आणायला आत गेली, तशी मी सुमीच्या कानाशी वाकून म्हटलं, "पोले."

तिनं नवलानं माझ्याकडे पाहिलं. हा शब्द मलाही येतो, हे तिला माहीतच नव्हतं.