बकरीचं तिकीट

ऑफिसात त्याला सगळे ‘केरसुणी’ म्हणायचे, आणि त्याला त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटायचा. प्रोग्रॅमर म्हटला की तो कोड लिहिणार. हा गडी पुसायचा. नदीकाठच्या आणि बेटांवरच्या धक्क्यांवर फेरीबोटीची तिकिटं ज्या सॉफ्टवेअरवर निघतात, ते सांभाळणारी त्यांची छोटी टीम. सॉफ्टवेअर जुनं. कोणी कधी काय लिहिलं, ते कशाला लिहिलं, देव जाणे; पण काढायला कोण धजतंय? केरसुणी असलं हुडकून काढायचा, कोणी वापरत नाही ना याची खातरी करायचा आणि उडवायचा. ज्या दिवशी लिहिल्यापेक्षा पुसलेल्या ओळी जास्त, त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी यायची.

घरी मात्र उलटा कारभार. मेलेल्या फोनांचे चार्जर, कशाच्याच न राहिलेल्या वायरी, सगळं कपाटात कोंबलेलं. बायको कपाट आवरायला निघाली की हा आडवा. “राहू दे गं, लागेल कधीतरी.” आणि सासूबाई शेजारणीला काळजीच्या सुरात सांगायच्या, “जावई शिकलेत भरपूर, पण ऑफिसात झाडलोटीचंच काम देतात म्हणे.”

पुसण्याची ही हिंमत त्याच्यात जन्मजात नव्हती. त्याच्या पहिल्या नोकरीत काही बिघडलं की साहेब सगळ्यांना मोठ्या खोलीत जमवून एकच प्रश्न विचारायचे, “कोणी केलं?” मग ज्यानं केलं त्यानं उभं राहायचं. एकदा तोही राहिला होता, कान लालबुंद होईपर्यंत. त्यानंतर तो तिथला धडा शिकला: चालत्या गोष्टीला हात लावू नये, आणि लावलाच तर कबूल करू नये. त्या कंपनीत कोणी काही पुसत नसे. ढीग नुसता वाढत गेला. शेवटी साधा पत्त्याचा रकाना बदलायचा तरी माणसं रजेवर जायची.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून एक छापील पावती बिघडली. आता बोलावणं येणार म्हणून तो बसून राहिला. टीमची प्रमुख आली, खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, “चल, बघू काय झालंय.” एवढंच. घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, “लोक विचित्र आहेत. ओरडलंच नाही कोणी.” ती म्हणाली, “मग मी ओरडू का?”

तर असा हा केरसुणी एक दिवस तिकिटांच्या दरांची यादी चाळत होता. प्रवासी, सायकल, मोटरसायकल, आणि सगळ्यात खाली दोन ओळी: ‘बकरी, मोठी’ आणि ‘बकरी, कडेवर घेण्याजोगी’. तो इतका हसला की सगळे उठून बघायला आले.

“कडेवरच्या बकरीला अर्धं तिकीट!” कोणीतरी म्हणालं. “आणि खिडकीजवळची जागा हवी असली तर?”

त्यानं नोंदी पाहिल्या. साठवलेल्या सगळ्या महिन्यांत एकाही बकरीनं प्रवास केला नव्हता. झालं, त्यानं तेवढाच कोड पुसला आणि तपासायला बाईंकडे पाठवला. बाई म्हणजे टीममधल्या सगळ्यात नव्या. बरीच वर्षं शाळेत गणित शिकवून मग या धंद्यात आलेल्या, म्हणून सगळ्यांच्या बाई. इथला नियम असा की कोणाचाही बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जात नाही, मग तो कितीही मोठा तीसमारखां असो.

“नक्की कोणी वापरत नाही ना?” बाईंनी विचारलं.

“बाई, आजकाल बकऱ्या बोटीनं फिरत नाहीत.”

बाई हसल्या आणि त्यांनी होकार दिला.

काही दिवस गेले. एका सकाळी त्याचा फोन वाजला. पलीकडे एका लांबच्या धक्क्यावरचे तिकीटमास्तर होते.

“अहो, बकरी कुठे गेली?”

“कुठली बकरी?”

“तुमच्या मशीनमधली! माझ्यासमोर ढीगभर उभ्या आहेत, आणि मशीनमध्ये एक नाही!”

मागून खरोखरच ‘बें बें’ ऐकू येत होतं. पलीकडच्या काठावर जनावरांचा बाजार होता. वर्षातून एकदाच भरणारा. आणि टीमकडच्या नोंदी गेल्या बाजारानंतरच्याच होत्या.

“तिकिटाशिवाय बोटीत घेत नाहीत,” मास्तर सांगत होते. “एक आजोबा म्हणतात, प्रवासी म्हणून फाडा.”

“मग?”

“मशीन बकरीचं वय विचारतंय.”

एक क्षण जुनी सवय त्याच्या कानाशी लागली. नेटवर्क गेलंय म्हणून सांग, गुपचूप दुरुस्त कर, कोणाला कळणार आहे? पण तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “मंडळी, माझ्यामुळे एक बोट अडलीय.”

“आधी बोट सोडू,” प्रमुख म्हणाली, “मग बोलू.”

केरसुणीची एक सवय अशा वेळी कामी आली. तो पुसायचा ते घासाघासानं, एका वेळी एकच गोष्ट. त्यामुळे बाकी कशाला धक्का न लावता फक्त बकरी परत आणता आली. सगळ्या चाचण्या पुन्हा चालवून पाहिल्या, आणि टेबलावरचा चहा निवायच्या आत मास्तरांचा आवाज आला, “आली! मोठीही आली, कडेवरचीही आली!” ऑफिसात टाळ्या वाजल्या.

दुपारी सगळे बसले. बाईंचा चेहरा उतरला होता.

“होकार मी दिला होता. मीच नीट पाहायला हवं होतं.”

“पुसलं मी, बाई. तुम्ही कशाला?”

“भांडू नका,” प्रमुख म्हणाली. “कोणी केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातून काही निघत नाही. मला सांगा, आपल्यातल्या दुसऱ्या कुणाला हे कळलं असतं का?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नसतं कळलं. ती बकरी तिथे का आहे हे कोडमध्ये कुठेच लिहिलं नव्हतं. तिची चाचणी नव्हती. आणि मास्तरांना विचारावं हे तर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नोंदी जास्त काळ ठेवायचं ठरलं. चाचणी बाईंनी लिहिली: एक कुटुंब, सोबत एक मोठी बकरी, एक कडेवरची. ती पास झाली तेव्हा त्या शाळेतल्यासारखं “शाब्बास” म्हणाल्या.

केरसुणीनं मात्र पुढे बरेच दिवस एक ओळही पुसली नाही. शीळ बंद. बायकोनंही विचारलं, “अहो, बरं वाटत नाहीये का?”

मग एक दिवस बाईच त्याच्याकडे आल्या.

“हा जुना सवलतीचा हिशेब मी काढून टाकलाय. वाचून बघता का?”

“वर्षभरात कुणी...”

“फोन केला होता मास्तरांना. ते म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला.”

त्यानं बदल ओळ न् ओळ वाचला, होकार दिला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसला. मग म्हणाला, “फोनवर काय बोलायचं, एकदा जाऊनच बसू या त्यांच्या खिडकीत.”

पुढच्याच आठवड्यात दोघं धक्क्यावर गेले. मास्तरांची खोली म्हणजे एक खुर्ची, एक पंखा आणि काचेतलं एक भोक. मास्तरांनी खुर्ची केरसुणीला दिली. “घ्या, तुम्हीच काढा तिकिटं.” दोन मोठी माणसं आणि एक सायकल, एवढंच होतं. तो मशीनच्या पडद्यावर या पानावरून त्या पानावर गेला, मागे आला, सायकल दोनदा आली, एक माणूस गळाला. बाहेर रांग वाढली, आणि बोटीनं भोंगा दिला.

काचेच्या भोकातून एक मावशी वाकून बघत होत्या. “बाळा, हे मशीन बनवलं कोणी रे?”

केरसुणीनं मान वर केली. “आम्हीच, मावशी.”

“मग जरा सोपं बनवायचं की!”

बाई मागे हसत होत्या आणि मास्तर मान डोलवत होते. “मावशी म्हणतात ते बरोबर आहे,” केरसुणी म्हणाला, आणि सायकलसाठी मधली कोणती पानं काढता येतील, ते मास्तरांना विचारायला लागला.