न जाणारी सुरकुती

कारखान्यात तिला सगळे फुलंवाली म्हणत. सव्वीस वर्षं चादरींवरची फुलं तिच्याच हातची. पण गेले सात महिने तिच्या टेबलावर कोरा कागद यायचा आणि चुरगळून टोपलीत जायचा. जे काढावं ते आपलंच जुनं, शिळं वाटायचं. मालकांनी महिन्याची मुदत दिली: एक नवा नमुना, नाहीतर घडी विभाग. उरलेली नोकरी दुसऱ्यांच्या नमुन्यांच्या घड्या घालण्यात जाणार, हे तिला नको होतं.

वर मालकांनी अडलेल्या कारागिरांना पुन्हा कामाला लावणारी एक कोचही नेमली. "आता मैदानावर पळवते की काय तुला!" इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. फुलंवालीला हसायचंही त्राण नव्हतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यात रात्रभर काठ आवळून चादर चोळामोळा करायची त्यांची खोड. सकाळी ती बदला, धुवा, कामावर पळा, संध्याकाळी पुन्हा तेच. दमलीस का गं, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

कोच निघाली तिच्या लेकीच्या वयाची. ही कालची पोर मला काय शिकवणार, असं मनात म्हणत ती समोर बसली. पोरीने चित्राचा विषयच काढला नाही.

"काकू, दिवसभरात तुम्ही सगळ्यात जास्त काय बघता?"

"चादर," फुलंवाली फणकारली. "छापलेली नव्हे. चुरगळलेली, ओली, म्हाताऱ्या माणसाखालची."

"मग तीच काढा. रोज दहा मिनिटं. वाईट काढा, पण एकही कागद फाडायचा नाही."

चार दिवस तिने नुसत्या रेघोट्या मारल्या. पाचव्या सकाळी सासूबाईंना कुशीवर वळवताना पाठीखालचा खळगा दिसला, मुठीशी गोळा झालेल्या सुरकुत्या दिसल्या. बादली तशीच ठेवून तिने त्या काढल्या. तीन आठवड्यांत पंधरा-सोळा कागद झाले. त्यांतूनच तिने काठाला काठ जुळवत नमुना बांधला: पांढऱ्यावर फिक्या राखाडी सुरकुत्या. फूल औषधालाही नाही.

पहिली छापील चादर इस्त्री विभागात गेली ती परत येईना. जाऊन बघते तर मावशी घामाघूम. पाणी शिंपडून त्यांनी ती तीनदा दाबली होती.

"मेली सुरकुती जाता जाईना! तुझी चादर मालकांपुढे अशी कशी पाठवू?"

अख्खा विभाग हसला. मालक आले, त्यांनीही सुरकुती सपाट करायला हात फिरवला, फसले, आणि नमुना पास झाला. टेबल वाचलं.

संध्याकाळी तीच चादर घरी नेऊन तिने सासूबाईंखाली घातली. त्यांचा हात काठावरून फिरला.

"नीट ताण गं. सुरकुत्या राहिल्यात."

"छापलेल्या आहेत त्या, आई. तुमच्याच आहेत. तुम्ही रात्री काठ आवळता ना, तिथल्या."

सासूबाईंनी एका रेघेवर बोट टेकवलं.

"दुखायला लागलं की धरते गं काठ," त्या म्हणाल्या. "नाहीतर तोंडून हाक निघेल. तू दमून झोपलेली असतेस."

फुलंवाली तिथेच काठावर बसली आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडली.