चंद्राची खाडाखोड आणि आमचा जोडफोटो

विषय : चंद्राच्या फोटोंत खाडाखोड झाली आहे किंवा कसे, याबाबत.

संदर्भ : इंदापुरातल्या हायस्कूलचा हॉल आणि माझी जीभ.

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, मी तोंडावर पडलो. कसा, ते तुमचा चहा निवायच्या आत सांगतो.

मी इंदापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. निवृत्ती जवळ आली होती आणि माणसाला ज्या वयात गप्प बसायला हवं, नेमकं त्याच वयात मला सगळं कळू लागलं होतं.

तेव्हा हायस्कूलचे हेडमास्तर सोनवणे सर यांनी अमेरिकेच्या अवकाश संस्थेच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. सर कळंबचे, विज्ञानाचे, माणूस शांत. चंद्र होता, मंगळ होता, आणि बघायला अर्धं इंदापूर होतं. मी चष्मा पुसून एकेक फोटो तपासला. वर्षानुवर्षं सातबाराचे उतारे तपासलेली नजर ती. तिला चंद्र कसा फसवणार?

"सर, या फोटोत खाडाखोड आहे," मी म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला तेच हवं होतं.

"कुठं आहे, भाऊसाहेब?"

"आभाळ काळं, पण चांदणी एक नाही. दगडाची सावली एकीकडे, माणसाची दुसरीकडे. तिथं काय दोन सूर्य आहेत? आणि मधेमधे या फुल्या कसल्या? आणि हा मंगळ तर सरळ तुकडे चिकटवून केलाय. सांधा दिसतोय."

"रात्रीच्या वरातीच्या फोटोत तरी चांदण्या कुठं दिसतात?" सर म्हणाले. "उजेडातल्या वस्तूसाठी कॅमेरा लावला की अंधुक चांदणी सुटते. जमीन उंचसखल असली की सावली वाकडी दिसते. फुल्या कॅमेऱ्यातल्या काचेवरच्या, मापासाठी. आणि मंगळाचे तुकडे जोडलेत, हे त्यांनी खाली लिहिलंय की. जोडणं वेगळं आणि लपवणं वेगळं."

उत्तर चोख होतं. म्हणूनच मला ते मानवलं नाही.

"आमच्या दप्तरी," मी आवाज चढवला, "खाडाखोड केली तर शेजारी सही लागते. चंद्रावर कुणाची सही आहे? जोडलेला फोटो तो खोटा फोटो. मग तो अमेरिकेचा असो की आमच्या गावचा, कन्हेरीचा."

लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली. सरांनी नुसती मान हलवली. मी कचेरीत परतलो तो चंद्रावर जाऊन आल्यासारखा.

आता पुढचं नीट ऐका. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. दोघं एका फोटोत, शेजारी शेजारी. तो नसेल तर सगळं अडतं. आमची मंडळी कन्हेरीला, शेतावर. मी शनिवारी घरी गेलो आणि म्हणालो, "सोमवारी बारामतीला चल, फोटो काढायचाय."

"म्हस व्यायला झालीय. मी न्हाय येत."

"अगं, पेन्शनचं काम आहे."

"म्हशीला सांगा."

म्हशीला काय सांगणार? मी एकटाच बारामतीला चंदूशेठच्या स्टुडिओत गेलो. चंदूशेठला अडचण सांगितली, तर त्याला अडचण दिसलीच नाही.

"त्यात काय हाय, भाऊसाहेब? वहिनींचा जुना फोटू आणा. तुमचा हितं काढतो. पुण्याला कॉम्प्युटरवर जोडून आणतो. देवाला बी वळखू यायचं न्हाय."

आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला प्रदर्शन आठवलंसुद्धा नाही. चंद्राचा फोटो जोडला तर तो घोटाळा. आपला जोडला तर ती सोय.

लेकीच्या लग्नातला मंडळींचा फोटो मी कपाटातून गुपचूप काढून नेला. त्यात ती आचाऱ्याकडे रागानं बघत होती. भात करपला होता. जोडून आल्यावर आचारी गेला आणि त्याच्या जागी मी आलो. त्यामुळे फोटो अधिकच खरा वाटत होता.

तो साक्षांकित करायचा होता. आमचे साहेब नेमके रजेवर. इंदापुरात सही चालेल असे माझ्या ओळखीचे दुसरे एकच. सोनवणे सर.

सरांनी फोटो घेतला, खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"वहिनी कधी आल्या होत्या बारामतीला?"

"मागच्या आठवड्यात," मी म्हणालो. एकदा घसरलेला माणूस थांबतो कुठं?

"भाऊसाहेब, तुमच्या नाकाची सावली इंदापूरकडं पडलीय आणि वहिनींच्या नाकाची बारामतीकडं."

मी म्हणालो, "जमीन उंचसखल असेल."

"स्टुडिओत?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"आणि वहिनींच्या खांद्यामागं हे काय आहे? मला तर सनईचं तोंड वाटतंय."

सर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला आणि फोटो माझ्यापुढे सरकवला.

"खाली 'जोडलेला फोटो' असं लिहा, मी आत्ता सही करतो. पण तो पेन्शनवाल्यांना चालायचा नाही. त्यापेक्षा वहिनींना एकदा घेऊन या. फोटो झाला की कधीही या, सुट्टी असली तरी घरी या."

घरी गेलो. फोटो लपवायला भाजीच्या पिशवीत ठेवला होता. भाजी काढताना मंडळींना तोच सापडला.

"ही मीच का?"

"तूच."

"मी कधी बसले वो तुमच्याशेजारी?"

मी सगळं सांगितलं. तिनं फोटो पालथा घातला.

"लगीन झाल्यापास्नं एकदा तरी म्हणलात का, चल, दोघांचा फोटू काढू म्हणून? आता सरकारनं मागितला तवा मी आठवले. ते बी म्हशीच्या येळंला. आन मी न्हाय म्हणलं, तर मला न इचारता कातरून आणली."

"चुकलं. आता चल."

"असं तोंडी कुठं चालतंय? कचेरीत आलेल्या माणसाला काय सांगत व्हता तुमी? लेखी अर्ज करा म्हणून. तसा करा. बघू मग."

तुम्ही हसा. मी अर्ज लिहिला. स्वच्छ अक्षरात, कारणांसह. 'आपण माझ्यासमवेत बारामतीस येऊन फोटोस बसावे, ही नम्र विनंती.' तिला वाचता येतं. तिनं दोनदा वाचला, घडी केली आणि आत घेऊन गेली.

दरम्यान मी निवृत्त झालो. म्हैस व्याली, पारडू आता दाव्याला हिसडे देतं. काल जेवताना अर्जाची चौकशी केली. "टेबलावर हाय," असं उत्तर मिळालं.

आमच्या घरात टेबल नाही. अर्ज प्रलंबित आहे.